४२ हजारांचं मशीन आणि आईची पाठ

नमस्कार,
माझी आई ७३ वर्षांची आहे, चिपळूणजवळच्या गावी भावाकडे असते. गणपतीच्या आधी माळ्यावरून पितळेचं मोठं तपेलं उतरवताना तिच्या पाठीत कट्‌कन वाजलं आणि ती तिथेच खाली बसली. एक्स-रे आणि एमआरआयमध्ये कमरेचा पहिला मणका, एल-१, दबल्याचं निघालं. ऑपरेशन नको म्हणाले. पट्टा, कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्याला साडेतीन महिने झाले. आधी कूस बदलतानाही ओरडायची, ते आता थांबलंय. पण ओट्याशी दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की पाठीची आग आग होते, आडवी झाली की शमते. ट्रामाडॉलने गरगरतं, म्हणून ती गोळी टाळते. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत.

मागच्या महिन्यात गावात मोफत शिबिर झालं. तिथे कमरेला पट्टा बांधून ‘नर्व्ह स्टिम्युलेशन’ दिलं. आईला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मशीन ४२ हजारांना आहे, दबलेला मणकाही त्याने वर येतो असं सांगितलं. भावाने २ हजार आगाऊ देऊन ठेवलेत. मी मुंबईत एका पेन क्लिनिकमध्ये रिपोर्ट दाखवले, तर तिथे ‘पुढेमागे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचा विचार करता येईल’ असं बोलणं झालं. त्याचा खर्च काही लाखांत आहे. आई म्हणते, माझ्या पाठीवर पैसे घालवू नका. काय करावं? आणि स्टेंट असताना करंट चालतो का?
— एक लेक, ठाणे
ता. क. मशीन घेतलंच तर भावाच्या गुडघ्यालाही वापरता येईल ना?

ताई,

आधी व्यवहाराचं बोलू. उरलेले ४० हजार देऊ नका, आणि दिलेले २ हजार परत मागा. त्वचेवरून कसलाही करंट दिला तरी दबलेला मणका वर येत नाही. आईच्या मणक्याचं हाड पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखं झालं असणार, आणि ते तसंच भरून येतं. ज्याने तुम्हाला ‘मणका वर येतो’ असं सांगितलं, त्याला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो बोलला. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याच्याकडून वैद्यकीय वस्तू घेऊ नये.

पण आईला शिबिरात बरं वाटलं, ते मी खोटं म्हणणार नाही. पट्ट्यात होता तो बहुधा टेन्सचाच करंट, म्हणजे त्वचेवर पॅड लावून नसांना दिलेला सौम्य करंट. फिजिओथेरपीच्या कुठल्याही दवाखान्यात तो मिळतो. आणि त्याच कामाचं हातात मावेल एवढं बॅटरीवर चालणारं साधं यंत्र दोन-चार हजारांत येतं. दिवे गेले तरी चालतं, हा गावाकडचा आणखी एक फायदा.

वेदनेवर विजेचा उपाय तसा फार जुना आहे. रोमन काळातला स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य डोकेदुखीला आणि संधिवाताला विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगे. आजच्या यंत्रांमागचा विचार मात्र १९६५ सालचा, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा. त्यांनी मांडलं ते असं: दुखण्याची खबर मज्जारज्जूत शिरते तिथे एक फाटक असल्यासारखी व्यवस्था असते, आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की ते फाटक काही अंशी लागतं. ठेच लागली की आपण बोट चोळतो ते यामुळेच. टेन्स चोळण्याचंच काम करतं, फक्त न थकता. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की या करंटने शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनंही कामाला लागतात. म्हणजे करंट चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ दुखणं कमी जाणवतं. हाडाला त्यातून काही मिळत नाही.

आता मुख्य प्रश्न. साडेतीन महिन्यांनी आईचं नेमकं काय दुखतंय?

मणका दबला की पहिले काही आठवडे हाड दुखतं. कूस बदलली, खोकला आला, उठून बसलं की कळ येते. आई ओरडायची ते हे. बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं, आणि तुमच्या पत्रावरून तिचंही ओसरलेलं दिसतं. आता जे उरलंय त्याची जात वेगळी आहे. उभं राहिलं की दहा मिनिटांनी आग, आडवं झालं की आराम. मणका पुढून चेपल्यामुळे छातीचा भार थोडा पुढे गेला, आणि तो मागे खेचून धरायचं काम पाठीचे स्नायू दिवसभर करताहेत. त्यात तीन महिने पट्टा आणि अंथरूण, म्हणजे तेच स्नायू कमजोर झालेले. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, त्यांच्यावरही ताण वाढतो. बरेचदा अशी पाठ तुटलेल्या मणक्याच्या जागी न दुखता चार बोटं खाली, कमरेच्या हाडाजवळ दुखते. आईला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. बहुधा हात खालीच जाईल.

हे मी पत्र वाचून बांधलेलं अनुमान आहे, तपासून नाही. म्हणून यंत्राच्या आधी एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि उभ्याने काढलेला नवा एक्स-रे दाखवा. आडव्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका कधी कधी बरा दिसतो, उभं राहिल्यावर तोच आणखी चेपलेला निघतो. क्वचित मणक्याचं हाड भरूनच येत नाही, आत पोकळी राहते. अशा वेळी बसताना-उठताना होणारी तीव्र कळ महिनोन्‌महिने जात नाही. शेजारचा दुसरा मणका गुपचूप दबलेला असतो, तेही होतं. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, मणक्याचा क्षयरोग. बारीक ताप, घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असेल तर ते लगेच सांगा. तसं काही नसलं तरी रक्ताच्या साध्या तपासण्या आणि प्रथिनांची एक तपासणी करून कॅन्सर किंवा मायलोमा (हाडांच्या मज्जेतला कॅन्सर) नाही याची खात्री या वयात करून घेतात. पायात जोर कमी झाला, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

हे सगळं ठीक निघालं की टेन्स जरूर करून बघा. या दुखण्यावर विजेच्या उपचारांच्या चाचण्या थोड्याच झाल्यात, आणि त्याही लहान. त्यातली एक इटलीतली, २००७ साली प्रसिद्ध झालेली. मणके दबल्यामुळे दीर्घकाळ पाठ दुखणाऱ्या बायकांना टेन्सच्या जातकुळीतले करंट दिले, आणि काहींना नुसतं यंत्र लावून करंट दिलाच नाही. पहिल्या दोन आठवड्यांनंतर सगळ्याच गटांना जवळपास सारखंच बरं वाटत होतं. फरक पडला तो पुढच्या आठवड्यांत. मला या चाचणीतला पहिला भाग जास्त बोलका वाटतो. कोणीतरी आपुलकीने पाठीला काहीतरी लावतंय, विचारपूस करतंय, एवढ्यानेही पाठ पंधरा दिवस हलकी होते. शिबिरातल्या एका बैठकीवर ४२ हजारांचा निर्णय घेऊ नये तो यासाठी. यंत्र भाड्याने मिळत असेल तर भाड्याने आणा, नाहीतर साधं विकत घ्या, आणि सहा आठवडे द्या.

पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या आणि भावाने किंवा वहिनीने ते शिकून घ्यावं. घरी आणलेली कितीतरी यंत्रं कपाटात पडतात, कारण ती चुकीची लावलेली असतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे करंट फार हळू ठेवणं. म्हातारी माणसं घाबरतात आणि मुंग्या जेमतेम कळतील एवढ्यावर थांबतात. तेवढ्याने काही होत नाही. मुंग्या ठसठशीत जाणवायला हव्यात, पण टोचता कामा नयेत आणि स्नायू उडता कामा नयेत. दहा मिनिटांनी सवय होऊन त्या मंदावतात, तेव्हा थोडं आणखी वाढवायचं. पॅड कण्यावर लावायचे नाहीत, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर लावायचे. चार पॅड असतील तर दोन दबलेल्या मणक्याच्या उंचीवर आणि दोन आई बोटाने दाखवेल तिथे. त्वचा धुऊन कोरडी केलेली, तेल लावलेलं नसावं. आपल्याकडे पाठीला आधी नारायण तेल चोळतात आणि त्यावर पॅड चिकटवायला जातात. ते चिकटत नाहीत, आणि चिकटले तर करंट एका कडेला गोळा होऊन चटका बसतो. वारंवारिता सुरुवातीला ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. रोज तीच सेटिंग ठेवली तर शरीर सरावतं, म्हणून फिजिओ मधूनमधून बदलून देतील. एका वेळी अर्धा ते पाऊण तास, दिवसातून दोन-तीनदा.

आणि कधी लावायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी जेवून आडवं झाल्यावर लावतात, कारण तेव्हा घरच्यांना सवड असते. आडवं झाल्यावर आईची पाठ दुखतच नाही, मग तेव्हा यंत्राने काय करायचं? टेन्सचा गुण हालचालीच्या दुखण्यावर जास्त दिसतो. ती ओट्याशी उभी राहणार असेल, अंगणात फेऱ्या मारणार असेल, फिजिओने दिलेला व्यायाम करणार असेल, त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी लावा आणि काम होईपर्यंत चालू ठेवा. यंत्र कमरेला किंवा पट्ट्याला अडकवता येतं. दहाऐवजी पंचवीस मिनिटं उभं राहता आलं तर स्नायूंना तेवढं काम मिळतं, आणि खरा उपाय त्या कामात आहे.

वहीत रोज दोन ओळी लिहा. किती वेळ उभी राहिली, कुठवर चालली, दहापैकी दुखणं किती होतं. सहा आठवड्यांनी आकडा दोनने तरी उतरला नाही आणि उभं राहण्याचा वेळही वाढला नाही, तर यंत्र परत करून टाका. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, सगळ्यांना ते लागू पडत नाहीच.

स्टेंटचं विचारलंत. अँजिओप्लास्टीचा स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते, त्यात बॅटरी नाही की तारा नाहीत. पाठीला टेन्स लावायला तो आड येत नाही. अडचण असते पेसमेकरची किंवा छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरची, म्हणजे ठोके बिघडले की हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची. त्यांना बाहेरचा करंट हृदयाचा वाटून गोंधळ होऊ शकतो. आईला त्यातलं काही नाही याची खात्री करा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर विचारूनच घ्या. छातीवर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कधीच लावू नयेत. जखमेवर किंवा बधिर भागावरही नको. आईला मधुमेह असेल तर पाठीला गार-गरम नीट कळतंय का ते आधी बघा. लावून झोपायचं नाही, आंघोळीला जायचं नाही आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही.

आता काही लाखांचं यंत्र. ते पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात आणि बॅटरी कमरेच्या वर किंवा कुल्ल्यावर त्वचेखाली बसवतात. १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शिली यांनी ते पहिल्यांदा माणसात बसवलं. नसेला इजा होऊन महिनोन्‌महिने जळत राहणारं दुखणं, मणक्याच्या ऑपरेशननंतरही न गेलेलं पायातलं दुखणं, मधुमेहाने पायांची होणारी आग, अशांसाठी ते मुख्यतः वापरतात. कोणते उपचार कधी वापरावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ साली घातलेली अटच अशी आहे की नसेचं दुखणं बाकीचे उपचार करूनही किमान सहा महिने टिकलेलं असावं आणि आधी तात्पुरत्या तारा घालून चाचणी यशस्वी व्हावी. दबलेल्या मणक्याच्या स्नायूदुखीसाठी तो नेहमीचा उपाय नाही. शिवाय पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्या ५० जणांवर नॉर्वेमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यंत्र बसवून त्याचा एक प्रकारचा करंट चालू ठेवला काय आणि बंद ठेवला काय, फरक दिसला नाही. त्यावर वेदनातज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण आईच्या बाबतीत त्या वादात शिरायचीही गरज नाही. तारा घालायच्या तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि स्टेंट असलेल्या माणसाच्या त्या गोळ्या सहजासहजी थांबवत नाहीत. तारा सरकतात, जंतुसंसर्ग होतो, कधी सगळं काढावं लागतं. पेन क्लिनिकचे डॉक्टर ‘पुढेमागे’ म्हणाले, तेवढंच ते धरा. उद्या दुखणं बरगडीला धरून पट्ट्यासारखं पुढे येऊ लागलं, तिथे शॉक बसल्यासारखं, जळजळ असं काही सुरू झालं, तर त्यांच्याकडे जरूर जा. तेव्हाही पहिली पायरी गोळ्यांची आणि नसेच्या इंजेक्शनची असते.

कोणीतरी मणक्यात सिमेंट भरायचा विषय काढेलच, म्हणून तेही थोडक्यात. २००९ साली त्यावरच्या दोन गाजलेल्या चाचण्या निघाल्या, आणि सिमेंट भरलेल्यांना व भरल्याचं नाटक केलेल्यांना दुखण्यात सारखाच आराम पडला. फ्रॅक्चर ताजं, सहा आठवड्यांच्या आतलं आणि दुखणं फार तीव्र असेल तर फायदा होतो असं दाखवणारी ऑस्ट्रेलियातली २०१६ ची चाचणीही आहे. आईचा तो काळ गेला. तिचा मणका भरून न आलेला निघाला, तर मात्र डॉक्टर हा विषय पुन्हा काढतील.

आता तुमच्या पत्रात न विचारलेल्या गोष्टीवर येते. मला तिचीच जास्त काळजी वाटते. ७३ वर्षांच्या बाईचा मणका तपेलं उतरवताना दबतो, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा आकडा काहीही येवो, अशा फ्रॅक्चरवरूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आहे असं धरतात. आणि एक मणका दबल्यानंतर पुढच्या वर्षभरात पाचांतल्या जवळपास एकीचा आणखी एक दबतो. तुम्ही लिहिलंय, कॅल्शियम दिलं. फक्त कॅल्शियम पुरत नाही. साडेतीन महिन्यांत हाड मजबूत करणारं औषध सुरू झालेलं नाही, ही खरी उणीव आहे. मी फिजिओथेरपिस्ट, औषध निवडणं माझं काम नाही. पण डॉक्टरांशी बोलताना नावं कानावर असलेली बरी. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी असते. ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं किंवा उभं राहावं लागतं. आईला तेवढं बसवेल का, हे डॉक्टरांना सांगा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन वर्षातून एकदा देतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते, घाबरायचं नाही. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी बघतात, दातांचं मोठं काम राहिलं असेल तर आधी उरकतात. मणके दबलेल्यांसाठी टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शनही असतं, ते नवं हाड तयार करतं. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी. ते निवडलं तर तारीख चुकवायची नाही, कारण मध्येच सोडलं तर हाडं झपाट्याने विरळ होऊन एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणं आहेत. आणि ड जीवनसत्त्वाची ती ६० हजार युनिटची पुडी, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. कितीतरी घरांत ती वर्षानुवर्षं चालू असते, जणू प्रसाद.

४२ हजार बाजूला काढायची तयारी होती ना? डेक्सा, रक्ताच्या तपासण्या आणि वर्षभराचं औषध यात ते खर्च होऊ द्या. आईला सांगा, पाठीवर घालवत नाही, पुढचा मणका वाचवतोय.

दुखण्याच्या गोळ्यांचंही बघा. ट्रामाडॉलने गरगरतं म्हणून आई ती टाळते, ते शहाणपणाचं आहे. गरगरून पडली तर खुब्याचं हाड जाईल. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ठरावीक वेळी, विशेषतः व्यायामाच्या आधी देता येतं का ते बघा. गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. हृदयाच्या रुग्णाला आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर असलेल्याला ते धोक्याचं आहे. कुणी पाठदुखीवर ‘गुण येणारी’ बिननावाची पुडी देत असेल तर ती घरात येऊ देऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड निघतं, आणि स्टेरॉइड हाडं पोखरतं.

व्यायामाचं एक कळकळीने सांगते. टीव्हीवर बघून पुढे वाकायची आसनं सुरू करू नका. पवनमुक्तासन नको, पश्चिमोत्तानासन नको, सूर्यनमस्कार नको. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली ठिसूळ मणक्याच्या ५९ बायकांचा अभ्यास छापला. पाठ मागे ताणायचे व्यायाम केलेल्यांत १६ टक्के जणींना पुढे नवं फ्रॅक्चर झालं, पुढे वाकायचे व्यायाम केलेल्यांत ८९ टक्के जणींना. अभ्यास लहान आहे आणि जुना आहे, तरी तेव्हापासून आम्ही या रुग्णांना पुढे वाकायचा व्यायाम देत नाही. आईला सुरुवातीला खुर्चीत ताठ बसून दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे खेचणं आणि भिंतीला पाठ-डोकं टेकवून उभं राहणं एवढंच पुरे. पुढचं फिजिओ समोर बघून वाढवतील. पट्टाही आता हळूहळू सोडवायला हवा, आधी घरात, मग बाहेर. डॉक्टरांना विचारून.

घराकडे मात्र तुम्हीच बघायला हवं, ठाण्याहून गेलात की. कोकणातलं स्वयंपाकघर म्हणजे विळी आली. विळीवर बसून नारळ खवताना पाठ पूर्ण पुढे गोल होते आणि वर हातांचा जोर. दबलेल्या मणक्याला याहून वाईट बैठक मला सुचत नाही. ओट्याला स्क्रूने घट्ट बसणारी खवणी मिळते, ती घेऊन जा. आई म्हणेल, विळीसारखं खोबरं पडत नाही. पडू दे जाडंभरडं. जेवायला पाटाऐवजी खुर्ची-टेबल. केर उभ्याने काढायच्या लांब दांड्याच्या झाडूने, किंवा काढायचाच नाही. शौचालय भारतीय असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथण्याचा ताणही मणक्यावर येतो. न्हाणीघरात बसून आंघोळीला स्टूल, भिंतीला धरायला दांडी. रात्री उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने वर यायचं. आणि माळ्यावरची भांडी खाली आणून ठेवा, सणाला लागतात ती सगळी. नाहीतर पुढच्या गणपतीला ती पुन्हा शिडीवर चढलेली असेल. कामाची सवय असलेल्या बायका आपण सांगून ऐकत नाहीत, वस्तूच वर नसली तर चढत नाहीत.

राहिला भावाचा गुडघा. गुडघेदुखीलाही टेन्स वापरतात, त्यामुळे यंत्र दोघांना चालेल, सेटिंग वेगळी लागेल तेवढंच. त्याला पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पॅड मात्र प्रत्येकाचे वेगळे ठेवा, त्यावर नाव लिहून. चिकटपणा कमी झाला की पाण्याचं एक बोट फिरवून थोडे दिवस चालवता येतात, मग बदलायचे. नवा जोड सहसा काहीशे रुपयांत येतो, आणि यंत्र विकत घेण्याआधी त्याचे पॅड चिपळुणात मिळतात का हे दुकानात विचारून घ्या.